दागिने उतरवलेली कविता: हुआन रामोन हिमेनेझ समजून घेताना

स्पॅनिश कवी हुआन रामोन हिमेनेझच्या 'एतेर्निदादेस' (१९१८) या संग्रहात एक छोटी कविता आहे. ती पहिल्यांदा आली तेव्हा निर्मळ होती, निरागसपण पांघरून आली होती, आणि मी लहान मुलासारखं तिच्यावर प्रेम केलं, अशी तिची सुरुवात. मग ती कसले कसले पोशाख चढवत गेली आणि नकळत मला नकोशी होऊ लागली. पुढे तर ती खजिन्यानं मढलेली राणीच झाली. माझा नुसता संताप झाला. पण नंतर ती एकेक वस्त्र उतरवू लागली आणि मला हसू फुटलं. शेवटी अंगावर तो जुना साधा झगा उरला, माझा तिच्यावर पुन्हा विश्वास बसला. मग तिनं तोही काढला. ही 'ती' म्हणजे कविता, हे अगदी शेवटच्या ओळींत कळतं.

कवीनं इथे आपल्या वीस वर्षांच्या लेखनाचा नकाशाच काढून ठेवला आहे. हुआन रामोन (स्पेनमध्ये त्याला आडनावानं फारसं कुणी ओळखत नाही, पहिल्या नावानंच ओळखतात) अवघड कवी मानला जातो. १९५६ चं नोबेल मिळालेला, 'शुद्ध कविता' लिहिणारा, जगापासून फटकून राहणारा, अशी त्याची ख्याती. पण हा नकाशा हातात असला की अवघडपण बरंच कमी होतं. त्याची शैली म्हणजे काय काय टाकून दिलं याचा इतिहास आहे, आणि टाकण्याच्या प्रत्येक वेळेला त्याच्या आयुष्यात काहीतरी मोठं घडलेलं आहे.

राणीचा थाट

जन्म डिसेंबर १८८१ चा, मोगेर गावचा. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, रिओ तिंतो नदीजवळ हे चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्याशुभ्र घरांचं गाव आहे. कोलंबसची जहाजं ज्या पालोसहून निघाली ते इथून अगदी जवळ. वडिलांचे द्राक्षमळे आणि वाइनचा व्यापार, घरात सुबत्ता. मुलगा जेझुइटांच्या शाळेत शिकला, मग सेव्हिलला गेला. तिथे कायदा आणि चित्रकला दोन्ही करून पाहिली, आणि दोन्ही मागे पडून कविता उरली. चित्रकाराची नजर मात्र आयुष्यभर राहिली. त्याच्या सुरुवातीच्या कवितांत जांभळा, पिवळा, निळा हे रंग विशेषणं म्हणून येतच नाहीत, ते थेट भावना म्हणून येतात. एका कवितेत तर 'देव निळा आहे' असं तो सरळ म्हणतो.

१९०० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला माद्रिदहून बोलावणं आलं. बोलावणारे दोन कवी: फ्रान्सिस्को विल्याएस्पेसा आणि निकाराग्वाचा रुबेन दारिओ. कारण काय, तर 'मॉडर्निस्मो'साठी लढायचं आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण या शब्दामुळे वाचकाची हमखास गल्लत होते. आधुनिकतावाद म्हटलं की आपल्याला एलियट, पाउंड हे इंग्रजी कवी, तुटक्या प्रतिमा, महायुद्धानंतरचं उद्ध्वस्त जग आठवतं. स्पॅनिश मॉडर्निस्मो त्याच्या तीस-चाळीस वर्षं आधीचा, आणि तो जन्मला लॅटिन अमेरिकेत. १८८८ मध्ये चिलीत छापलेलं दारिओचं 'असुल' हे त्याचं ठळक आरंभस्थान मानतात. त्या काळची स्पॅनिश कविता भाषणबाजीनं जड झाली होती. दारिओनं फ्रेंच कवींकडून, विशेषतः व्हर्लेनकडून, संगीत उचललं आणि स्पॅनिश ओळीत असं भरलं की ती नाचायला लागली. चौदा अक्षरांच्या डौलदार ओळी, राजहंस, उदास राजकन्या, संगमरवर, मोती, दूरदेशीचे महाल. आज वाचताना हे सगळं सजावटीचं वाटेल, पण त्यामागे बंड होतं. पैसा आणि उपयोग यांच्याच हिशोबात जगणाऱ्या समाजाला हे कवी सांगत होते की सौंदर्याला कशाचा दाखला लागत नाही. पुढे म्हातारपणी हुआन रामोननं प्वेर्तो रिकोच्या विद्यापीठात मॉडर्निस्मोवर अख्खा अभ्यासक्रम शिकवला. ती कवितेची शाळा नव्हती, सौंदर्याच्या दिशेनं उत्साहानं आणि मोकळेपणानं जाण्याची एका युगाची वृत्ती होती, असं त्याचं म्हणणं होतं.

वेळही तशी होती. १८९८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेननं क्युबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपिन्स गमावले होते. साम्राज्य संपलं होतं. उनामुनो, अंतोनिओ माचादो यांच्यासारखे लेखक 'आता आपण कोण?' हा प्रश्न विचारत होते. अशा शहरात हा अठरा वर्षांचा मुलगा वह्या घेऊन पोहोचला आणि त्याच वर्षी त्याची दोन पुस्तकं निघाली. 'निन्फेआस' हिरव्या शाईत छापलं होतं आणि 'आल्मास दे विओलेता' जांभळ्या. ऊर फाटेपर्यंत उसासे, थडगी, चुंबनं, फिकट चंद्र. पुढे त्याला या दोन्ही पुस्तकांची इतकी लाज वाटायची की मिळतील तिथून प्रती मिळवून तो नष्ट करत असे.

म्हणजे नकाशात दाखवला आहे तितका प्रवास सरळ नव्हता. निरागस कविता आधी आणि राणी नंतर असं काही घडलं नाही. राणी तर पहिल्याच वर्षी येऊन बसली होती. पुढे १९१० च्या आसपास 'ला सोलेदाद सोनोरा', 'लाबेरिंतो' अशा संग्रहांत तिचा थाट पुन्हा वाढला. मधल्या काळात मात्र वेगळंच काही चाललं होतं.

मरणाची धास्ती

त्याच १९०० च्या उन्हाळ्यात वडील अचानक वारले. आपणही असेच कुठल्याही क्षणी मरू, ही भीती मुलाच्या मनात जी शिरली ती कायमची. १९०१ मध्ये त्याला फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या एका मानसोपचार केंद्रात ठेवलं. तिथून परतल्यावर माद्रिदच्या एका सॅनिटोरियममध्ये राहिला, नंतर डॉक्टर लुइस सिमारो यांच्या घरीच. हाकेच्या अंतरावर डॉक्टर नसेल तर त्याला चैन पडत नसे. आज आपण याला तीव्र नैराश्य आणि चिंताविकार म्हणू. हे दुखणं पुन्हा पुन्हा उलटत राहिलं, आणि त्याच्या कवितेचा विचार करताना ते बाजूला ठेवून चालत नाही.

सॅनिटोरियमच्या शांततेत त्यानं 'आरिआस त्रिस्तेस' (१९०३) लिहिलं. इथे दारिओच्या चौदा अक्षरी डौलाऐवजी त्यानं स्पेनमधलं सगळ्यात जुनं, लोकगीतांतलं वृत्त हातात घेतलं: रोमान्से. ओळीत आठ अक्षरं, आपल्या अष्टाक्षरीच्या जवळ जाणारी चाल. यमक मात्र निराळं. एक सोडून एक ओळीच्या शेवटी फक्त स्वर जुळवायचे, व्यंजनं मोकळी. 'लूना' म्हणजे चंद्र आणि 'ब्रूमा' म्हणजे धुकं, हे दोन शब्द या पद्धतीत जुळतात, कारण दोन्हीकडे ऊ आणि आ आहेत. पूर्ण यमक टाळी वाजवल्यासारखं ऐकू येतं. हे अर्धं यमक कानाला जाणवतं न जाणवतं तोच विरून जातं. बाग, चंद्र, दुरून येणारा पियानो, कुणीतरी येऊन गेल्याची चाहूल, या कवितांना असंच यमक हवं होतं. मला इथे त्याचा पहिला खरा आवाज ऐकू येतो. अजून हळवा आहे, थोडा रडवाही आहे, पण उसना नाही.

१९०५ मध्ये तो मोगेरला परतला. घराचा व्यवसाय बुडत चालला होता. पुढची सात वर्षं तो तिथेच राहिला आणि भरभरून लिहीत राहिला. 'अखेरचा प्रवास' ही त्याची बहुधा सर्वांत लोकप्रिय कविता याच काळातली. मी जाईन, आणि पक्षी गात राहतील. माझी बागही राहील, तिच्या हिरव्या झाडासकट आणि पांढऱ्या विहिरीसकट, असं ती सुरू होते. रोज संध्याकाळी आकाश निळं आणि शांत असेल, घंटा आज वाजताहेत तशाच वाजतील. मरणाला भिऊन रात्र रात्र जागणाऱ्या माणसानं हे लिहिलं आहे. यात स्वतःच्या मरणासाठी 'मी जाईन' एवढंच आहे, आक्रोश नाही. मुख्यतः राहणाऱ्या गोष्टींची यादी आहे. आणि ती यादीच काळीज हलवते.

गाढवाशी बोलणारा माणूस

मोगेरच्या त्या वर्षांतलंच 'प्लातेरो आणि मी'. १९१४ च्या डिसेंबरात त्याची निवडक प्रकरणांची आवृत्ती निघाली, १९१७ मध्ये पूर्ण १३८ प्रकरणांची. स्पॅनिश जगात जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत कधी ना कधी हे पुस्तक वाचतं. प्लातेरो हे चंदेरी-करड्या रंगाचं गाढव. लहानसं, केसाळ, इतकं मऊ की सगळं कापसाचंच असावं, आत हाडं नसावीत, असं पहिल्याच वाक्यात त्याचं वर्णन येतं. कवी त्याच्यावर बसून गावभर हिंडतो आणि त्याच्याशी बोलतो.

बालवाङ्मय म्हणून या पुस्तकाची जी सोय लावली गेली ती मला अन्यायकारक वाटते. कवीनं स्वतः प्रस्तावनेत म्हटलं आहे की हे छोटं पुस्तक मुलांसाठी म्हणून लिहिलेलं नाही, आणि यात आनंद आणि दुःख प्लातेरोच्या कानांसारखे जुळे आहेत. पानं उलटत गेलं की कळतं हे किती खरं आहे. क्षयानं खंगलेल्या मुलीला प्लातेरोच्या पाठीवर बसवून गावातून फिरवून आणतात. लूत लागलेल्या कुत्र्याला राखणदार गोळी घालतो. म्हाताऱ्या आंधळ्या पांढऱ्या घोडीला दगड मारून संपवतात. दाराशी आपल्या छोट्या खुर्चीवर बसून राहणारं मतिमंद पोर एके दिवशी तिथे दिसत नाही. काळे कपडे, दाढी, लहानशी काळी टोपी, अशा वेशात गाढवावरून चाललेल्या खुद्द कवीमागे पोरं 'वेडा! वेडा!' ओरडत धावतात.

आणि नदीवरचं प्रकरण तर आजही वाचून दाखवावं असं आहे. रिओ तिंतोच्या वरच्या अंगाला तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या. कवी प्लातेरोला सांगतो: बघ, खाणींनी, दुष्टाव्यानं आणि सावत्रपणानं नदीची काय दशा केली. जांभळ्या-पिवळ्या चिखलात तिचं लाल पाणी कुठे कुठे मावळतं ऊन टिपतं, आणि तिच्यातून आता जेमतेम खेळण्यातल्या होड्या जातील. पूर्वी इथून वाइन भरलेली जहाजं जात. तांब्यानं सगळं विषारी केलं. हाच तो कवी ज्याला टीकाकार वर्षानुवर्षं 'हस्तिदंती मनोऱ्यातला' म्हणत आले. या परिच्छेदात जांभळा आणि पिवळा हे त्याचे लाडके मॉडर्निस्ट रंग आहेत, पण आता ते राजकन्येच्या रेशमावरून उतरून चिखलात आले आहेत. त्याच्या शैलीतला बदल एका जागी पाहायचा असेल तर तो इथे दिसतो.

झेनोबिया आणि रवींद्रनाथ

१९१३ मध्ये माद्रिदला त्याची झेनोबिया कांप्रुबीशी ओळख झाली. तिची आई प्वेर्तो रिकोची, तिचं बरंचसं वाढणं-शिकणं अमेरिकेशी जोडलेलं, इंग्रजी उत्तम, स्वभाव हसरा आणि कामाचा उरक दांडगा. या रडव्या कवीबद्दल तिला सुरुवातीला मुळीच भरवसा वाटत नव्हता, आणि तिच्या आईला तर अजिबातच नाही. त्याच वर्षी रवींद्रनाथ टागोरांना नोबेल मिळालं. झेनोबियानं 'द क्रेसेंट मून' इंग्रजीवरून स्पॅनिशमध्ये आणायला घेतलं आणि हुआन रामोन मदतीला बसला. १९१५ मध्ये ते 'ला लूना नुएवा' नावानं प्रसिद्ध झालं.

पुढच्या काही वर्षांत दोघांनी मिळून टागोरांची वीसेक पुस्तकं स्पॅनिशमध्ये नेली, त्यात 'गीतांजली', 'द गार्डनर', 'द पोस्ट ऑफिस' ही आली. कामाची वाटणी साधारण अशी की झेनोबिया इंग्रजीवरून पहिला खर्डा करायची आणि तो त्या गद्याला स्पॅनिश लय द्यायचा. हे अनुवाद स्पेनमध्ये आणि त्याहून जास्त लॅटिन अमेरिकेत घरोघरी गेले. पाब्लो नेरुदाच्या १९२४ च्या प्रेमकवितांतली सोळावी कविता ही 'द गार्डनर'मधल्या एका कवितेचं रूपांतर आहे. बंगालीतून इंग्रजीत, इंग्रजीतून माद्रिदमधल्या दोघांच्या हातून स्पॅनिशमध्ये, आणि तिथून चिलीच्या एका विशीतल्या पोरापर्यंत. भारतीय वाचकाला हुआन रामोनकडे जायला याहून जवळची वाट नाही.

या अनुवादांचा त्याच्या स्वतःच्या लेखनावर किती परिणाम झाला यावर अभ्यासक वाद घालतात. मला तो मोठा वाटतो. टागोरांच्या इंग्रजी गद्यकवितांत यमक नाही, वृत्त नाही, तरी कविता उभी राहते. वर्षभर रोज असल्या ओळींची लय शोधत बसलेल्या माणसाचा हात सैल न होता तरच नवल. आणि नेमकं पुढच्याच वर्षी त्याचं सगळं बदललं.

समुद्र

१९१५ च्या अखेरीस आई झेनोबियाला घेऊन न्यू यॉर्कला गेली. जानेवारी १९१६ च्या शेवटी हा तिच्यामागे कादिझहून जहाजानं निघाला. हाकेच्या अंतरावर डॉक्टर लागणारा माणूस अटलांटिक ओलांडायला निघाला होता. २ मार्चला न्यू यॉर्कमधल्या सेंट स्टीफन्स चर्चमध्ये दोघांचं लग्न झालं. जाताना, तिथे असताना आणि येताना त्यानं जे लिहिलं ते 'नवविवाहित कवीची रोजनिशी' म्हणून १९१७ मध्ये छापलं. पुढे त्यानं त्याचं नाव 'कवी आणि समुद्राची रोजनिशी' असं केलं.

विसाव्या शतकातल्या स्पॅनिश कवितेचं दार या पुस्तकानं उघडलं, असं मी बेधडक म्हणेन. यात तारखांनुसार नोंदी आहेत. काही कविता, काही गद्य, काही चार ओळींच्या, काही पानभर. यमक जवळपास गेलं. ओळीची लांबी लाटेसारखी कमीजास्त होते; मुक्तछंद आपल्याला समुद्राच्या हालचालीतून सापडला असं तो सांगायचा. 'एकांत' नावाच्या कवितेची सुरुवात बघा:

सगळा तू तुझ्यातच आहेस, समुद्रा, आणि तरीही
किती तुझ्याविना आहेस, किती एकटा,
किती दूर, कायमचा, स्वतःपासून!

समुद्रावरच्या कवितेत आपण जे जे अपेक्षितो त्यातलं काहीच या ओळींत नाही. निळाई नाही, गाज नाही, क्षितिज नाही. दारिओच्या हाती हा समुद्र पडता तर जलपऱ्या आणि मोती आले असते. इथे आहेत नुसते 'तू', 'तुझ्यात', 'तुझ्याविना', म्हणजे भाषेतले सगळ्यात गरीब शब्द. त्यांच्या उलटापालटीतून असं काहीतरी दिसतं जे विशेषणांनी दिसलं नसतं: प्रचंड भरलेली गोष्टसुद्धा स्वतःला मुकलेली असू शकते. यालाच तो 'नग्न कविता' म्हणायला लागला. साधी सोपी कविता असा त्याचा अर्थ नव्हे. शब्द सोपे, विचार मात्र अवघड. आणि मधला सगळा सरंजाम काढून टाकल्यामुळे वाचकाला त्या विचाराला सरळ भिडावं लागतं. हुआन रामोन अवघड का वाटतो याचं उत्तर इथे आहे. अलंकारिक कवितेत कळलं नाही तरी कानाला काहीतरी मिळतं. इथे कळलं नाही तर काहीच मिळत नाही.

न्यू यॉर्कवरच्या गद्य नोंदी वेगळ्याच चवीच्या आहेत. भुयारी रेल्वे, शहराच्या मधोमध असलेल्या दफनभूमी, जाहिराती. ब्रॉडवेवर रात्री रंगीत दिव्यांच्या जाहिराती आकाशभर उड्या मारताहेत, आणि दोन उंच इमारतींच्या फटीत चंद्र दिसतो. एक जण दुसऱ्याला दाखवतो. तो जरा थांबून विचारतो: हा चंद्र आहे, की चंद्राची जाहिरात? स्पॅनिश कवी लोर्काच्या न्यू यॉर्कवरच्या सुप्रसिद्ध कविता १९२९-३० च्या. त्या आधी बारा-तेरा वर्षं हे लिहून झालं होतं. आणि ज्या कवीनं सुरुवातीच्या पुस्तकांत चंद्राला अक्षरशः झिजवलं होतं, त्यानंच हा प्रश्न विचारावा, यात त्याचा स्वतःशी घेतलेला हिशोबही आहे.

नेमकं नाव

यानंतरची वीस वर्षं, माद्रिदमध्ये, तो कवितेतून एकेक शब्द काढत राहिला. 'बुद्धी, मला वस्तूंची नेमकी नावं दे' अशी त्याची प्रार्थनाच आहे. माझा शब्द हीच ती वस्तू व्हावी, माझ्या आत्म्यानं नव्यानं घडवलेली, असं तो पुढे मागतो. पूर्वी भावनेकडे मागत होता, आता बुद्धीकडे. 'पिएद्रा इ सिएलो' (१९१९) मध्ये 'कविता' या शीर्षकाखाली एकच ओळ आहे: आता तिला अजून हात लावू नकोस, गुलाब असाच असतो!

स्वतः मात्र तो हात लावायचा कधी थांबला नाही. छापलेल्या कविता पुन्हा लिहायचा, त्या सुधारून पुन्हा लिहायचा. जुन्या वृत्तबद्ध कविता उतारवयात गद्यासारख्या सलग ओळीत मांडायला लागला, कारण आंधळ्या माणसाला ओळ कुठे तुटली ते दिसत नाही, त्याला फक्त ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्या सगळ्या लेखनाला तो एकच 'ओब्रा', म्हणजे एकच रचना मानायचा, आणि ती सतत चालू होती. शुद्धलेखनही त्यानं स्वतःचं केलं. स्पॅनिशमध्ये 'ख'सारखा उच्चार कधी एका अक्षरानं दाखवतात, कधी दुसऱ्या; तो सगळीकडे एकच वापरायचा. बोलतो तसं लिहावं, एवढाच आग्रह. छापखानेवाले वैतागत, पण त्यानं सोडलं नाही.

आपली पुस्तकं तो 'विराट अल्पसंख्येला' अर्पण करायचा. यावरून त्याला उच्चभ्रू म्हणून खूप बोल लागले. मला त्यातलं 'विराट' महत्त्वाचं वाटतं. मन लावून वाचणारे लोक एका वेळी, एका गावात थोडेच असतात. सगळ्या गावांतले आणि सगळ्या काळांतले मोजले तर ते विराटच भरतात.

तरुण कवींसाठी तो काही काळ दीपस्तंभ होता. लोर्का माद्रिदला आला तेव्हा त्यानं त्याला आधार दिला. पेद्रो सालिनास, होर्हे गियेन यांच्या कविता आपल्या नियतकालिकांत छापल्या, आल्बेर्तीच्या पहिल्या पुस्तकाला त्याचं कौतुकाचं पत्र जोडलेलं आहे. मग यातल्या बहुतेकांशी त्याचं बिनसलं. माणूस अतिशय हळवा, गोंगाट सहन न होणारा, टीका तर त्याहून नाही, आणि स्वतः टीका करताना अत्यंत धारदार. नेरुदाला त्यानं 'मोठा वाईट कवी' म्हटलं होतं. घर चालवायचं झेनोबियानं. ती फ्लॅट भाड्यानं लावायची, स्पॅनिश लोककलेच्या वस्तूंचं दुकान चालवायची, हस्तलिखितं टाइप करायची. तिच्या रोजनिश्या आता छापून आल्या आहेत. त्या वाचल्यावर 'शुद्ध कविता' कुणाच्या कष्टांवर उभी होती ते स्पष्ट दिसतं.

भाषा हरवलेला कवी

१९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं. दोघांनी सुरुवातीच्या आठवड्यांत काही अनाथ मुलांना आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष आसान्यांच्या मदतीनं ते देशाबाहेर पडले, आणि हुआन रामोन पुन्हा कधी स्पेनला परतला नाही. तो प्रजासत्ताकाच्या बाजूनं उघड बोलला आणि युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत जायला त्यानं नकार दिला. १९३९ मध्ये माद्रिदच्या त्यांच्या घरात शिरून पुस्तकं आणि हस्तलिखितं लुटून नेण्यात आली. प्रत्येक ओळ वीस वेळा घासणाऱ्या माणसाचे खर्डे गेले.

क्युबा, मग फ्लोरिडा, मग मेरीलँड. क्युबा सोडल्यावर आसपास सगळी इंग्रजी. ज्याचं सगळं काम 'नेमक्या नावा'वर चाललेलं होतं त्याच्या कानावर ती नावंच पडेनाशी झाली. फ्लोरिडात इस्पितळातून बरा होऊन आल्यावर, १९४१ मध्ये, तिथल्या सपाट, अंत नसलेल्या भूप्रदेशात त्याला 'एस्पासिओ' म्हणजे 'अवकाश' ही दीर्घ कविता सुचली. देवांमध्ये माझ्यात आहे त्याहून जास्त सत्त्व नव्हतं, या वाक्यानं ती सुरू होते आणि मग कुठे अडत नाही. मोगेरचं बालपण, न्यू यॉर्क, पक्षी, कुत्रा, प्रेम, किनाऱ्यावर दिसलेला एक खेकडा, सगळं एका सलग प्रवाहात. १९५४ मध्ये ती पूर्ण स्वरूपात गद्यासारखी छापली. आयुष्यभर काटछाट करणाऱ्यानं इथे सगळं आत येऊ दिलं आहे. ही त्याची सर्वांत मोठी कविता, असं मला पुन्हा पुन्हा वाटत आलं आहे.

१९४८ मध्ये व्याख्यानांसाठी तो अर्जेंटिनाला गेला. इतक्या वर्षांनी रस्त्यात, बंदरात, हॉटेलात सगळीकडे स्पॅनिश. त्या प्रवासात 'आनिमाल दे फोंदो' (१९४९) लिहून झालं. यात तो एका 'हव्याशा आणि स्वतः हवा असणाऱ्या' देवाशी बोलतो. हा चर्चमधला देव नव्हे. कवीच्या जाणिवेत जे सौंदर्य साठत गेलं तेच इथे देव झालं आहे. पुस्तक गूढ आहे, आणि पहिल्या वाचनात दमवतं.

आजारपण मात्र पाठ सोडत नव्हतं. १९५१ मध्ये दोघं प्वेर्तो रिकोला स्थायिक झाले. तिथे डॉक्टरही त्याच्याच भाषेत बोलणारे होते. विद्यापीठानं त्यांना सांभाळलं. पण झेनोबियाला कर्करोग होता. २५ ऑक्टोबर १९५६ ला नोबेल जाहीर झालं. २८ ऑक्टोबरला ती गेली. स्टॉकहोमला तो गेला नाही. विद्यापीठाचे कुलगुरू हाइमे बेनितेस यांनी पारितोषिक स्वीकारलं आणि त्याचा निरोप वाचून दाखवला. या पारितोषिकाची खरी मानकरी माझी पत्नी आहे, चाळीस वर्षं तिच्या सोबतीमुळे माझं काम होऊ शकलं, तिच्याविना मी उद्ध्वस्त आणि असहाय आहे, असा तो निरोप होता. २९ मे १९५८ ला तोही गेला. दोघांना मोगेरला आणून पुरलं.

कुठून वाचायला सुरुवात करावी, असं विचारलं तर 'प्लातेरो'पासून, पण मोठ्या माणसासारखं, नदीच्या प्रकरणावर थांबत. मग 'रोजनिशी'. तिथवर पोचलात की १९२२ ची 'सेगुंदा आन्तोलोहिया', म्हणजे त्यानं स्वतः केलेली निवड, सोपी जाईल. 'एस्पासिओ' शेवटी, आणि मोठ्यानं. आणि एकाच कवितेचे दोन वेगळे पाठ समोर आले तर गोंधळून जाऊ नका. दोन्ही त्याचेच असतात. त्याच्या कागदपत्रांची एक खोली प्वेर्तो रिको विद्यापीठात झेनोबिया आणि हुआन रामोन या दोघांच्या नावानं आहे, आणि तिथल्या हस्तलिखितांतून त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी पुस्तकं निघाली आहेत.